उजवा खांदा

वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करून देणारी ती कंपनी होती, असं निदान दारावरच्या पाटीवर तरी लिहिलेलं होतं. पाटीवर काय, काहीही लिहिता येतं. प्रत्यक्षात दुरुस्ती करणारे दोघंच होते, त्यातला एक कायम रजेवर. आणि "होईल हो दुरुस्त" असं फोनवर सांगणाऱ्या बायकांची मात्र अख्खी खोली भरलेली. त्या खोलीतली सगळ्यात तयार बाई म्हणजे मलमताई. तिला खरं नावही होतं, पण ते पगारापुरतंच वापरात यायचं. एरवी साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला मलमताईच म्हणत, कारण खवळलेल्या गिऱ्हाइकाला मलम लावावं तर तिनंच.

तिचं काम बघण्यासारखं होतं. पलीकडून एखादी बाई तारस्वरात ओरडत असायची, की फ्रिज बंद पडलाय, आठवड्याचं सगळं नासलंय, मी पोलिसांत जाईन. मलमताई मधेमधे नुसतं "हो ना", "अगं बाई", "खरंय तुमचं" एवढंच म्हणायची. मग तिचा तो सायीसारखा आवाज यायचा: "काळजी करू नका हं. थोडी वाट बघा. बरेचदा आपोआप सुरू होतो." फोन ठेवताना तीच बाई मलमताईला म्हणायची, तुम्ही जेवलात का वेळेवर? फ्रिज होता तिथे बंदच. माणूस मात्र थंड.

याला साहेब "न जाता मिटलेली तक्रार" म्हणत. जिच्या नावावर अशा तक्रारी जास्त, तिला महिन्याच्या शेवटी स्टीलची पाण्याची बाटली बक्षीस मिळायची. मलमताईच्या घरी बाटल्यांनी कपाट भरलं होतं. त्यात आपण कुणाच्या तोंडाला पानं पुसतोय असं तिला वाटत नव्हतं, बरं का. तिला तर मनापासून वाटायचं की आपण लोकांचं भलं करतो. आणि खरंच, काही मशिनं आपोआप सुरू व्हायचीसुद्धा. जी व्हायची नाहीत त्यांचे मालक कंटाळून दुसरीकडे जायचे, म्हणजे तीही तक्रार मिटलीच की.

या कामाचं दुखणं एकच, खांद्याचं. डोक्याला लावायचे फोन मागितले की साहेब म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की." हे पुढचं वर्ष काही येत नव्हतं. त्यामुळे रिसीव्हर डाव्या कान-खांद्याच्या चिमटीत धरायचा आणि उजव्या हातानं कॉम्प्युटर बडवायचा. दुपार झाली की खोलीतली प्रत्येकजण खांदा चोळत असायची. तिथे नवी मुलगी लागली आणि पंधरवड्यात तिचा खांदा धरला नाही, तर ती काम करत नाही असं समजत.

तर अशा या मलमताईला, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर, एकदाचे दिवस गेले.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा त्या बाबानं दुकानातलं भिंग घरी आणलं आणि एक डोळा मिटून दुसरी रेघ तपासली. "आहे," तो म्हणाला. "फिकी आहे, पण आहे." मग दोघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उगाचच हसत राहिली. तिला हे मूल हवं होतं. फार हवं होतं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या बारशाला जाऊन हसून यायचं कसब तिनं कमावलं होतं, आणि आता ते विसरायला ती एका पायावर तयार होती.

दोघं दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफीसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं. निघताना तिथल्या सिस्टरनं, उंच, खणखणीत आवाजाच्या बाईनं, फोन नंबर हातात दिला आणि बजावलं, "काहीही वाटलं तर फोन कर. काहीही म्हणजे काहीही." मलमताईनं मान डोलावली. मनात म्हणाली, बाईचा आवाज फार कडक आहे, आमच्याकडे एक दिवस टिकली नसती.

चार दिवस सुखात गेले. मग एका सकाळी न्हाणीघरात तिला कपड्यावर डाग दिसला. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा.

भिंतीला टेकून ती उभी राहिली. आणि मग सवयीनं, काय सांगावं, मनातल्या मनात तिनं फोन उचलला.

"नमस्कार, बोला."

"अहो, थोडं रक्त दिसतंय."

"थोडं म्हणजे किती? भिजलंय का सगळं?"

"नाही हो. डाग आहे नुसता."

"मग काही नाही. नवीन असताना होतं असं. दोन दिवस वाट बघा. काळजी करू नका हं."

तक्रार करणारी तीच, मलम लावणारीही तीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिनं तोंड धुतलं, केस बांधले आणि बाहेर आली.

सासूबाईंना मात्र सांगितलं. सासूबाई जातीच्या अनुभवी. "अगं, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी यापेक्षा जास्त गेलं होतं. आणि बघ, काय घोडा झालाय!" घोडा तेव्हा पायमोजे शोधत होता. "दवाखान्यात गेलीस तर ते काहीतरी काढतीलच. आलेल्या माणसाला तसंच परत पाठवलं तर त्यांचं चालायचं कसं? पाय वर करून पड. झालं." पाय वर करून पडायला सुट्टी कोण देणार, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

नवऱ्यानं फोनवर शोधाशोध केली. तो भित्रा माणूस. वाईट काही दिसलं की तो पान पटकन खाली सरकवायचा आणि चांगलं दिसलं की मोठ्यानं वाचून दाखवायचा. "हे बघ, पुष्कळ जणींना होतं म्हणे. हे बघ, काळजीचं कारण नसतं म्हणे." त्याच पानावर खाली ठळक अक्षरांत काय लिहिलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिनं विचारलं, "अहो, आणखी काय लिहिलंय?" तर म्हणाला, "बाकी सगळ्या जाहिराती आहेत."

ऑफिसात तिच्या शेजारी बसणारी बाई म्हणजे रेडिओ. रेडिओ कधी बंद होत नसे. तिला कळलं म्हणजे खोलीला कळलं. मग काय, प्रत्येकीकडे अनुभव तयार होता. कुणाच्या बहिणीला झालं होतं, कुणाच्या जावेला, कुणाच्या घरमालकिणीच्या मुलीला, आणि सगळ्यांचं छान झालं होतं. जिचं छान झालं नाही तिची गोष्ट कुणी अशी चहा पिता पिता सांगत नाही, एवढा साधा हिशेब त्या भरल्या खोलीत कुणाच्या डोक्यात आला नाही. सल्ले देणाऱ्या बायकांच्या ऑफिसात सल्ल्याला काय तोटा! फोन नंबर पर्समध्ये होता. तिकडे हात जायचा आणि परत यायचा. उगीच कशाला त्यांना त्रास, असं मलमताईला वाटायचं. दोन दिवसांची वाट बघून झाली की ती स्वतःला आणखी दोन दिवस देत होती.

डाग येत जात राहिला. मग ओटीपोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. आधी टोचल्यासारखं, मग कुणी आतून पीळ घातल्यासारखं. "गॅस," सासूबाई म्हणाल्या. "बैठं काम," रेडिओ म्हणाली. नवऱ्यानं फोन उघडला, बघितला आणि बंद केला. "उद्या जाऊ या का?" त्यानं विचारलं. "सोनोग्राफी आहेच की या आठवड्यात," ती म्हणाली, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली की तो बिचारा गपगार झोपून गेला. घरच्या माणसालाही तिनं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा खांदा दुखायला लागला.

खांदाच तो! त्या खोलीत खांदा दुखतो म्हणणं म्हणजे पाऊस ओला असतो म्हणण्यासारखं. रेडिओनं खणातून मलमाची डबी काढली आणि मलमताईच्या पाठीशी उभी राहिली. "मलमताईलाच मलम लावायची वेळ आली बाई," असं म्हणून ती स्वतःच खो खो हसली. कुठला खांदा, हे तिनं विचारलं नाही. मलमताईनं पुढे केला तो चोळला. दुखणं हललंसुद्धा नाही. आडवं पडलं की वाढेल असं ते दुखणं होतं, स्नायूचं नव्हे, त्याच्याही आतलं. पण साहेब काचेतून बघत होते आणि फोन वाजत होता.

फोनवर एक म्हातारबाबा होते. त्यांच्या मशीनखाली पाणी येत होतं.

"थेंबथेंबच ना, आजोबा? मग काळजी करू नका हं. खाली एक फडकं ठेवा आणि..."

"फडकं ठेवलंय. फडक्यानं गळायचं थांबतं का?"

"तसं नाही हो, पण थोडंच येतंय म्हटल्यावर..."

"थोडं बाहेर येतंय, बाई. आत किती साचलंय ते तुम्हाला तिथे बसून दिसतंय का? माणूस पाठवा. त्यानं उघडून बघू दे आणि मग सांगू दे, काळजी करू का नको ते."

"पाठवते, आजोबा," एवढंच ती म्हणाली आणि खरोखरच तिनं माणूस पाठवायचं बटण दाबलं. रेडिओ डोळे फाडून बघत राहिली. ते बटण चालतं हे तिला माहीत नव्हतं.

मग मलमताईनं पर्समधून नंबर काढला.

"दवाखाना," पलीकडून तो खणखणीत आवाज आला.

"नमस्कार, सिस्टर. मी फार वेळ नाही घेणार हं तुमचा. तसं काही विशेष नाहीये..."

"विशेष आहे का नाही ते मी बघते. काय होतंय?"

"थोडं रक्त जातंय. अगदी थोडं."

"कधीपासून? रंग कसा?"

तिनं सांगितलं.

"आणि आज फोन करतेस? बरं, पोटात दुखतंय?"

"एका बाजूला. पण गॅस आहे तो."

"तुला कोणी सांगितलं गॅस आहे?"

"सासूबाईंनी."

"चक्कर? डोळ्यांपुढे अंधारी?"

"सकाळी उठताना जरा. पण नाश्ता केला नव्हता ना मी."

"खांदा दुखतो का?"

मलमताईला हसूच आलं. "अहो सिस्टर, आमच्या ऑफिसात सगळ्यांचाच दुखतो. दिवसभर फोन धरावा लागतो ना."

"फोन कुठल्या बाजूला धरतेस?"

"डाव्या."

"आणि दुखतोय कुठला?"

मलमताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. रिसीव्हर डाव्या खांद्यावर होता. तो खांदा चांगला होता. मलमाचा वास येत होता तो दुसऱ्याच बाजूनं.

"उजवा," ती म्हणाली.

मग सिस्टर हळू बोलली, आणि त्या बाईला हळू बोलता येतं हेच भीतीदायक होतं. "ऐक. आत्ता निघायचं. एकटीनं नाही. चालत तर नाहीच. पत्ता सांग, मी गाडी पाठवते. तोवर आडवी पड, काही खाऊ-पिऊ नकोस."

"ड्युटी संपली की येते ना, सिस्टर. थोडाच वेळ राहिलाय. तुम्ही काळजी करू नका हं."

"अगं ए! मलाच धीर देतेस? तुझ्या पोटात रक्त साचत असेल तर ड्युटी संपेपर्यंत तू राहशील का? शेजारी कोण आहे? दे तिला फोन!"

रेडिओनं फोन घेतला. ऐकलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्या खोलीच्या इतिहासात पहिल्यांदाच रेडिओ बंद झाला. पण क्षणभरच. पुढच्या क्षणाला ती अशी काही ओरडली की खोलीतले सगळे फोन एकदम खाली आले. मलमताईनं उठायचा प्रयत्न केला, खुर्चीची पाठ धरली आणि तिथेच घसरली. दोघींनी तिला जमिनीवर झोपवलं. साहेब काचेच्या खोलीतून धावत आले. "काय झालं? हिचे फोन कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घ्या," रेडिओ म्हणाली. साहेबांनी खरंच घेतला. पलीकडच्या बाईनं त्यांना जे काही ऐकवलं त्यानं त्यांचे कान लाल झाले, हे पुढे बरेच दिवस खोलीत सांगितलं जायचं.

गाडी आली. सोनोग्राफी झाली, पण ठरलेल्या दिवशी नाही, आणि पडद्याकडे बघून कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला एक वाक्य सांगितलं आणि त्याची सही घेतली. मग मलमताईला आत नेलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा हाताला रक्ताची बाटली लावलेली होती. डॉक्टरीणबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"गर्भ पिशवीत रुजला नव्हता," त्या म्हणाल्या. "नळीत रुजला होता. वाढता वाढता नळी फुटली आणि पोटात रक्त साचलं. ते वरपर्यंत गेलं की छाती आणि पोट यांच्यातला पडदा दुखावतो, आणि तो बोंब मारतो खांद्यातून. नळी काढावी लागली. तू आहेस. थोडक्यात वाचलीस."

"पहिल्या दिवशी आले असते, तर..." मलमताईनं विचारलं.

"तर बाळ वाचलं असतं का? नाही. तिथे रुजलेलं मूल वाढूच शकत नाही. ते तुझ्या हातात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. तू काही खाल्लंस म्हणून नाही, काही उचललंस म्हणून नाही. पण तुझा जीव असा टांगणीला लागला नसता. लवकर कळलं तर कधी कधी औषधावरसुद्धा भागतं."

नवऱ्यानं खाली बघत विचारलं, "पण डॉक्टर, थोडं रक्त पुष्कळ जणींना जातं ना?"

"जातं की. आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळं ठणठणीत जन्मतात. मी कुठे नाही म्हणते? पण या थोड्याचं कारण साधं आहे का हे असलं, ते घरी बसून कुणाला कळत नाही. तुम्हाला नाही, तुमच्या आईला नाही, आणि तपासल्याशिवाय मलाही नाही. डाग दिसला की त्याच दिवशी फोन करायचा. आणि रक्त जास्त जायला लागलं, पोटात कळ यायला लागली, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली, ताप आला, तर फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. सरळ यायचं. रात्र असो, दिवस असो." एवढं बोलून त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "दुसरी नळी चांगली आहे."

झालं. एवढं एकच वाक्य सगळ्यांच्या कानांनी उचललं. भेटायच्या वेळेला ऑफिसातल्या बायका आल्या आणि प्रत्येकजण तेच म्हणाली. अगं, दुसरी आहे ना! वर्षभरात पाळणा हलेल बघ. कुणाच्या बहिणीला एकाच नळीवर जुळं झालं होतं. नवराही तोंड उजळ करून म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्यात, पुढच्या वेळी आपण पहिल्यापासूनच..."

"पुढचं नको," मलमताई म्हणाली.

आवाज तिचा नव्हताच. साय नव्हती त्यात. घोगरा, फाटका आवाज होता.

"पुढचं नका सांगू मला कुणी. हे होतं ना? हे माझं होतं. ते कुठेही रुजलेलं असो. मी त्याच्याशी बोलत होते रोज, येता-जाता. ते गेलं, आणि तुम्ही सगळे मला दुसरं दाखवताय." आणि मग तिला रडू फुटलं. साधं नाही, हंबरडा. टाके ओढले जात होते, तरी थांबेना.

बायका हबकल्या. रेडिओनं "अगं, अगं" करत पाण्याचा पेला पुढे केला. नवरा तिचा हात धरून बसला आणि स्वतःच रडायला लागला, त्यामुळे त्याचा काही उपयोग राहिला नाही. पलीकडच्या खाटेवरच्या पाहुण्यांनी माना वळवल्या. एक बाई कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना म्हणाली, "गप्प करा हो तिला, ताजं ऑपरेशन आहे."

सासूबाई उठल्या. आता या काय मुक्ताफळं उधळणार म्हणून मुलानं घाबरून आईकडे बघितलं. सासूबाईंनी काही न बोलता खाटेभोवतीचा पडदा धरला आणि फर्रकन ओढून घेतला. सून आणि मुलगा आत, बाकी सगळे बाहेर. मग पडद्याला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. रेडिओ पेला घेऊन पुन्हा आत जायला निघाली तेव्हा त्यांनी तिला अडवलं.

"नाही जायचं कुणी," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "रडू दे तिला. तिचं बाळ गेलंय."